पाठीमागचा हात

सदानंद खवणेकर यांचे २०१०च्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी, मालवणात दांडीच्या वाटेवरच्या राहत्या घरी निधन झाले. चार वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. हा दुसरा. त्यांच्या मागे पत्नी सुमन आहेत. मूलबाळ नव्हते.

बातमी मला कुडाळच्या कार्यालयात फोनवर कळली. जिल्ह्याचे पान तेव्हा माझ्याकडे होते. वार्ताहराने पाठवलेल्या चार ओळींत 'जुन्या पिढीतील टीव्ही मेकॅनिक' असा उल्लेख होता आणि त्यांचे दुकान अनेकांचे बसण्याचे ठिकाण होते, असेही म्हटले होते. दुकान त्यांना कधीच नव्हते. पडवीची एक बाजू फळ्यांनी बंद करून खोली केली होती आणि तिथे बसायला दुसरी खुर्चीही नसे. मी ते वाक्य काढले, बाकीचे तसेच ठेवले आणि पान छपाईला सोडले. त्या दिवशी अधिक काही लिहिता आले नाही.

सदा आणि मी एका शाळेत होतो. तो दोन वर्षे पुढे, म्हणून ओळख फक्त चेहऱ्याची. खरी ओळख १९९८ साली झाली. आमच्या घरचा सरकत्या शटरचा, कृष्णधवल टीव्ही बंद पडला आणि बाजारातल्या दोन मेकॅनिकांनी तो बदलून रंगीत घेण्याचा सल्ला दिला. तिसऱ्याने सांगितले, सदाकडे न्या, असले सगळे शेवटी त्याच्याकडेच जातात. मी गेलो तेव्हा तो टेबलासमोर उभा होता. उजव्या हातात टोकदार सळी, डावा हात पाठीवर, मूठ मिटलेली. शाळेत कवायतीला उभे राहत तसा. मला वाटले कंबर धरली असावी. तसे विचारले तर म्हणाला, कंबर बरी आहे, हा हात सुट्टीवर आहे.

सदा तरुणपणी मुंबईत रेडिओ दुरुस्त करायला शिकला. टीव्ही आले तेव्हा टीव्ही शिकला. आई आजारी पडल्यावर गावी परतला, तो लॅमिंग्टन रोडच्या भंगारातून घेतलेले एक यंत्र घेऊन. ते ऑसिलोस्कोप होते. हातातली सळी टेकवली की संचातली वीज कशी वरखाली होते ते काचेवर हिरव्या रेषेत दाखवणारे. कुठल्या तरी प्रयोगशाळेने ते निकाली काढले होते. आत व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्या, बाहेर जाड पत्रा. एसटीच्या टपावरून ते उतरवायला दोन माणसे लागली आणि त्यातल्या एकाने आत मासे आहेत का म्हणून विचारले, असे तो सांगे. ते यंत्र टीव्हीसाठी बनवलेले नव्हते. सदाने त्यात एक बटण वाढवले. त्याला दोनच खुणा, 'आडवे' आणि 'उभे'. चित्र कडेने फाटत असेल तर आडवे, वर पळत असेल तर उभे. बाकीची बटणे त्याने जागच्या जागी घट्ट करून टाकली, कारण ती मालवणात लागत नव्हती.

दुसरा बदल धोक्याचा होता. त्या काळच्या बऱ्याच संचांची आतली लोखंडी चौकट घरातल्या विजेच्या एका तारेला थेट जोडलेली असे. पिन उलटी बसली की चौकटीत वीज. वरून लाकडी पेटी असल्याने घरच्यांना ते कळत नसे. यंत्राच्या पत्र्याला मात्र अर्थिंग होते, त्यामुळे ते चौकटीला जोडले की ठिणगी पडून फ्यूज जाई. मुंबईत शिकलेला उपाय सोपा होता. यंत्राची अर्थिंगची तार तोडायची. यंत्र चालते, फक्त त्याच्या पत्र्यातही वीज उतरते. त्याच्या सांगण्याप्रमाणे सगळे मेकॅनिक तसेच करत आणि म्हणून एका हाताने काम करत. दोन्ही हात टेबलावर आले तर वीज एका हातातून शिरते, छातीतून जाते आणि दुसऱ्या हातातून बाहेर पडते. सदाचा डावा हात इतकी वर्षे पाठीमागे राहिला की लग्नाच्या फोटोतही तो दिसत नाही.

२०००च्या पावसाळ्यात सुमनवहिनींनी चहाचा स्टीलचा पेला यंत्रावर टेकवला. टेबल भरलेले होते आणि दुसरी जागा नव्हती. त्या अनवाणी होत्या, जमीन ओली होती. पुढे काय झाले याबद्दल दोघांचे सांगणे वेगळे आहे. सदाच्या म्हणण्याप्रमाणे पेला पडला. वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे पेला हातातच राहिला, पडल्या त्या. दोन बोटांवरचा डाग मी पाहिला आहे. सदा माफी मागणाऱ्यांतला नव्हता. त्याने यंत्राचा पत्रा काढला आणि फणसाच्या लाकडाची पेटी करून घेतली. बटणेही लाकडाची, त्यांच्या स्क्रूंवर लाख ओतलेली. टेबलापुढे एका मोडीत निघालेल्या होडीची फळी टाकली आणि वहिनींना सांगितले की खोलीत यायचे तर फळीवर पाय ठेवून आणि एक हात पाठीमागे धरून यायचे. त्या तशा येऊ लागल्या. एका हातात चहा, दुसरा हात मागे. पाहुणे हसत.

खाऱ्या हवेत लाकूड फुगे आणि तारांना हिरवट बुरशी येई. म्हणून पेटीच्या तळाशी त्याने झिरोचा दिवा बसवला होता. तो मिरगापासून दसऱ्यापर्यंत जळत राही. वीज गेली की सदा आधी त्या दिव्याची चौकशी करी, मग घरातल्या कंदिलाची.

नंतरची वर्षे थकवणारी होती. जुने टीव्ही येणे कमी झाले. लोक ते बदल्यात देऊन नवे घेऊ लागले, काही परसात कोंबड्यांच्या खुराड्यांना लागले. व्हॉल्व्ह मिळेनात. एका व्हॉल्व्हसाठी सदा पणजीला जाऊन रिकाम्या हाताने परतला, त्या दिवशी मी त्याला कुडाळच्या एसटी स्टँडवर पाहिले. तो बाकावर बसून होता. मालवणची गाडी लागली होती आणि तो उठत नव्हता. मी विचारले तर म्हणाला, "जाऊक घर आसा. घायच नाय." रंगीत टीव्हीचे काम तो करी, पण त्यात फक्त सर्किटची पट्टी बदलायची असते, असे म्हणे. त्याची तक्रार एवढीच. यापेक्षा मोठे वाक्य या विषयावर मी त्याच्या तोंडून ऐकलेले नाही.

२००६च्या पावसाळ्यात झटका आला. डावी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला, हात आला नाही. मी भेटायला गेलो तेव्हा तो खाटेवर बसून मला म्हणाला, "डावो हात तसो पण पाठीच आसायचो रे. आता कायमचो रिटायर झालो, इतक्याच." वहिनी हसल्या नाहीत.

दिवाळीआधी तो पुन्हा टेबलाशी बसला. काम चालू असताना वहिनी दारात आल्या. उजव्या हातात सळी होती. डावा हात पाठीवरून घसरून टेबलावर आला होता आणि उघड्या चौकटीपासून चार बोटांवर पडला होता. सदाला त्याचा पत्ता नव्हता. त्या हाताला काही कळत नव्हते. वहिनींनी हाक मारली नाही, कारण दचकला असता. त्यांनी भिंतीवरचा खटका बंद केला. मग स्वयंपाकघरातून मासे कापायचा आडाळा आणला, यंत्राची वायर पिनेजवळ त्याच्या पात्यावर ठेवली आणि कापली.

दोघे आठवडाभर बोलले नाहीत. मला वहिनींनीच बोलावून घेतले. मी बाजारातून बांगडे घेऊन गेलो, कारण रिकाम्या हाताने जाण्याचा तो प्रसंग नव्हता. सदा भिंतीकडे पाहत बसला होता. कापलेली वायर टेबलावर तशीच होती.

"ह्या मशीन बंद म्हंजे मी बंद," तो म्हणाला. मला, पण आवाज आतल्या खोलीत जाईल असा. "इतक्या तिका कळाक व्हया होता."

वहिनी बांगडे साफ करता करता बोलल्या. "माका कळता. म्हणानच वायर कापलंय. तो हात खंय पडता ता तुमका कळता काय?"

वहिनींनी पुढचा बांगडा उचलला.

"मरूचा असात तर दर्यावर जा. माझ्या पडवीत नाय." मग बऱ्याच वेळाने, पाटा धुताना... "आदी अर्थिंग लावा, मगे बसा."

अर्थिंग लावायचे तर टीव्ही आणि घरातली वीज यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर हवा होता. तांब्याची दोन वेटोळी, एकमेकांना न शिवणारी. वीज एकातून दुसऱ्यात जाते, पण तारेचा थेट संबंध तुटतो. मग चौकट अंगावर येत नाही आणि यंत्राला अर्थिंग पुन्हा लावता येते. सदाला हे पहिल्यापासून माहीत होते. पण तसला ट्रान्सफॉर्मर जड, महाग, आणि इतकी वर्षे एक हात पुरला होता. आता बंद पडलेल्या एका व्हिडिओ हॉलमधून त्याने जुना डिमरस्टॅट, म्हणजे विजेचा दाब कमीजास्त करायचे यंत्र, मिळवला. त्याचे लोखंड बांगडीसारखे गोल असते. त्यावर तार गुंडाळायची तर प्रत्येक वेढा मधल्या भोकातून काढावा लागतो. दोन हातांचे काम. सदाने उजव्या हाताने आणि दातांनी सुरुवात केली. तारेवरचे वेष्टण दातांनी खरवडले गेले आणि पहिले वेटोळे फुकट गेले.

वहिनींचे माहेर मच्छीमारांच्या सर्जेकोटातले. लहानपणापासून त्या जाळी विणत आल्या. त्यांनी माळ्यावरून जाळे विणायची लाकडी सुई काढली, तिच्यावर तार भरली आणि भोकातून पलीकडे सोडली. सुई गेली, तार मागोमाग बसली. "जाळ्यासारख्याच मा ह्या?" असे त्यांनी विचारले. सदाने सांगितले की जाळ्यात भोके ठेवायची असतात, इथे एकही ठेवायचे नाही. त्यावर वहिनी म्हणाल्या, "माझ्या जाळ्यात्सून मासो गेलो काय कधी?"

हे काम फाल्गुनापर्यंत चालले. दुपारी जेवणे झाली की दोघे पडवीत बसत. एक थर झाला की मध्ये कागद, वर वॉर्निश. वेढे सदा मोजी, आणि चुकला तर दोघांचे भांडण होई, कारण त्या मनात वेगळे मोजत. मी दोनदा तिथे बसलो. सुईचा लाकडावर घासल्याचा आवाज, त्याचे आकडे... दोघेही थकलेले दिसत. ट्रान्सफॉर्मर पहिल्याच दिवशी चालला. सदाने यंत्राला तीन तारांची नवी वायर लावली. कापलेली जुनी वायर वहिनींनी फेकली नाही, त्याच वायरने केळीच्या घडाला आधार बांधला.

तरीही वहिनींनी एक गोष्ट सोडली नाही. सदा कामाला बसण्यापूर्वी त्या त्याचा डावा हात पाठीमागे नेत आणि कमरेशी पंच्याने बांधत. आता टीव्ही विजेला थेट जोडलेला नव्हता, पण चित्राच्या नळीला हजारो व्होल्ट लागतात आणि ते ट्रान्सफॉर्मरने कमी होत नाहीत, हे त्यांना सदानेच पूर्वी सांगितले होते. तो कुरकुरे. कैद्यासारखो बांधतंस, म्हणे. पण पंचा मिळाला नाही तर तोच शोधायला लावी.

या शेवटच्या तीन वर्षांत त्याच्याकडे नियमित येणारे गिऱ्हाईक एकच उरले होते, धामापूरचे परब. ऐंशी उलटलेले. त्यांचा टीव्ही मुंबईहून बोटीने आला होता. मुलाने रंगीत घेऊन दिला तो त्यांनी सुनेच्या खोलीत ठेवला. "रंगीत बघून माझे डोळे दुखतत. रंग भायर व्हये तेवढे आसत," असे ते म्हणत. दर पावसाळ्यानंतर ते रिक्षात टीव्ही घालून येत आणि तो उतरवेपर्यंत सदाच्या तब्येतीची चौकशी करत नसत. उतरल्यावर करत.

सदाची आणि माझी शेवटची भेट जानेवारीत झाली. परबांचा टीव्ही टेबलावर होता. चित्र वर पळत होते, बटण 'उभे' वर होते. त्याचा हात बांधलेला होता. व्हॉल्व्ह शेवटचा आहे, म्हणाला, हा गेला की परबांनी समुद्र बघावा. मी विचारले, आणि तू? तो यंत्राची हिरवी रेषा दाखवून म्हणाला, "बघ, थरथरता. म्हंजे चित्र येतला." चित्र आले की नाही ते पाहायला मी थांबलो नाही. मला कुडाळची गाडी पकडायची होती.

मार्चच्या शेवटी मी दांडीला गेलो. परब आधीच आले होते, आपला टीव्ही न्यायला. तो दुरुस्त झाला की नाही, हे त्यांना माहीत नव्हते. मलाही नव्हते. वहिनी म्हणाल्या, सोमवारी रात्रीपर्यंत ते बसले होते, पण झाला असे काही बोलले नाहीत. खोली झाडलेली होती. पंचा धुऊन खिळ्याला लावला होता. पावसाळा नसतानाही पेटीतला झिरोचा दिवा चालू होता. परब म्हणाले, राहू दे गो, तसाच नेतो. वहिनी म्हणाल्या, "बघल्याशिवाय ह्या घरात्सून टीव्ही कधी गेलो काय?"

त्या फळीवर उभ्या राहिल्या. ट्रान्सफॉर्मरचा खटका आधी लावला, मग टीव्हीचा. काच तापायला वेळ लागला. बातम्या चालू होत्या, चित्र जागच्या जागी उभे होते. खटके त्यांनी उजव्या हाताने लावले. डावा हात पाठीमागे होता, मूठ मिटलेली.