गेमच्या पेटीला ट्रॅक्टरचा स्पीकर

माझे सासरे रोज दुपारी माझ्या रसवंतीच्या दारावरून पुढं जायचे आणि शेजारच्या, म्हणजे माझ्या धाकट्या जावेच्या रसवंतीत जाऊन बसायचे. होळीच्या आधीचा सगळा महिना मी हे बघितलं आणि सगळा महिना माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला बोलू? जळत होते मी.

कोल्हारला हमरस्त्याच्या कडेला आमची दोन दुकानं एकाला एक चिकटून आहेत. भाऊ वेगळे झाले तेव्हा एकाच शेडमध्ये मधोमध पत्रा ठोकला. अलीकडं आम्ही, पलीकडं दीर-जाऊ. तेच मशीन, तेच घुंगरू, ऊसही एकाच रानातला. शिर्डीच्या गाड्या थांबतात, लोक उतरतात, सावली दिसेल तिथं बसतात. गिऱ्हाईक तिकडं गेलं म्हणून मी कधी तोंड वाकडं केलं नाही. सासऱ्यांचं मात्र मला सोसेना.

ते तिकडं जायचे ते गेमच्या पेटीसाठी. श्रीरामपुरात एक व्हिडिओ गेमचं दुकान बंद झालं, तेव्हा दोघा भावांनी तिथून एकेक पेटी आणली होती. कपाटाएवढी लाकडी पेटी, वर जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही, खाली दांडा आणि बटणं. रस प्यायला आलेली पोरं खेळतील असं वाटलं होतं. पण पोरांच्या हातात मोबाईल, ती कशाला बघतात पेटीकडं? खेळायला लागले आमचे मामा. सासऱ्यांना मी मामाच म्हणते. त्यांचा जन्म साखर कारखान्यात गेला, गव्हाणीवर, जिथून ऊस आत पडतो तिथं. त्या घडघडाटात कान गेले. ह्यांनी कानाचं मशीन आणून दिलं, तर म्हणाले, “कानात माशी शिरल्यागत हुतंय,” आणि डबीत घालून ठेवलं ते ठेवलंच. विमानाचा खेळ मात्र असा लागला की जेवण झालं रे झालं, स्टूल ओढून बसायचे आणि जीभ दातात धरून विमानं पाडायचे. मी लिंबू-आलं घालून, बर्फ न टाकता रस त्यांच्या हाताशी ठेवायची. ग्लास रिकामा व्हायचा. चांगला झालाय असं कधी तोंडातून निघालं नाही.

मग जावेनं घरातलं जुनं होम थेटर उचलून आणलं आणि त्याचे स्पीकर आपल्या पेटीला जोडले. आमच्या पेटीत मूळचाच स्पीकर, उंदीर चिरकल्यासारखा. मामांना तो कधी ऐकूच आला नव्हता. पलीकडच्या पेटीवर त्यांना पहिल्यांदा बॉम्ब फुटलेला ऐकू आला आणि त्या दिवशी ते जे गेले ते तिकडचेच झाले. पत्र्यातून मला सगळं ऐकू यायचं. बॉम्ब फुटला की मामांचं हसणं, आणि त्याच्या मागून ठरलेलं वाक्य, “धाकटीच्या हाताला लई यश हाय!”

हे वाक्य काही पेटीपुरतं नव्हतं. धाकटीनं पिठलं केलं की तिच्या हाताला यश. धाकटीनं लावलेली मिरची धरली की तिच्या हाताला यश. मागं मामांची कंबर धरली होती. सकाळ-संध्याकाळ वीट तापवून शेक मी दिला, उठवलं-बसवलं मी, आणि मलमाची एक ट्यूब आणून दिली धाकटीनं. गुण कशानं आला? मलमानं! येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत होते आणि मी मागं उभी राहून चहाचे कप विसळत होते. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते हेच. मला काही साडी-चोळी नको होती. एकदा, फक्त एकदा, चार माणसांत त्यांच्या तोंडून निघावं की हे थोरलीनं केलं.

“अगं, जाऊ दे ना,” हे म्हणाले. “म्हातारा माणूस, रमतोय तिकडं.”

“तुमचं काय जातंय? तुम्ही त्यांचे पोटचे लेक आहात,” मी म्हटलं आणि दुकानावर ह्यांना बसवून निघाले.

आता आवाजाचं काम म्हटल्यावर आमच्याकडं माणूस कुठं जाणार? हंगामात उसाचे ट्रॅक्टर रस्त्यानं जातात, ते पुढच्या वळणावर असतानाच गाण्यावरून ओळखू येतात. त्यांना साऊंड बसवून देणारं दुकान कारखान्याच्या रस्त्याला आहे. तिथल्या माणसाला मी सांगितलं, पेटीला असा आवाज पाहिजे की बहिऱ्यालाही कळला पाहिजे.

“ट्रॅक्टरला बसवतो तोच देतो की, ताई. इंजनाच्या वर ऐकू येतो, तुमच्या दुकानात काय!”

त्यानं दोन स्पीकर दाखवले. मी मोठा घेतला. मागचा लोहचुंबक पुरणपोळीच्या तव्याएवढा, उचलताना मनगट वाकलं. मनात म्हटलं, आता बघतेच होम थेटरवाली.

त्यानं येऊन पेटीच्या आत, टीव्हीच्या अगदी बगलेला स्पीकर बसवला, ॲम्प्लिफायर जोडला आणि बटण दाबलं. काय आवाज! मांडणीवरचे ग्लास एकमेकांना लागून वाजायला लागले. रस पीत बसलेल्या बाया दचकल्या. पत्र्यापलीकडचा गेम क्षणभर ऐकू येईनासा झाला आणि खरं सांगते, माझ्या काळजाला गारवा वाटला.

तेवढ्यात टीव्हीकडं बघितलं. एका कोपऱ्यात सगळं हिरवंगार, दुसऱ्यात जांभळं. आभाळ जांभळं, समुद्र हिरवा, आणि त्यात आमचं विमान कुठं आहे तेच दिसेना. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती.

“हे काय केलंत?” मी म्हटलं.

त्यानं टीव्हीवर दोन थपडा मारून बघितल्या. “ट्रॅक्टरला कुठं टीव्ही असतोय, ताई? आम्हाला नाही सांगता येत. ट्यूब गेली असंल.” आणि सामान उचलून चालू लागला.

आवाज ऐकून मामा मात्र आले. येणारच! स्टूल ओढून बसले, दांडा धरला, डोळे बारीक केले. “ह्याच्यावर शेवाळ धरल्यागत झालंय,” म्हणाले, आणि उठून परत पलीकडं गेले. पत्र्यामागं खेळ सुरू झाला. मला असं वाटलं की तो पत्रा दोन्ही हातांनी उपटून रस्त्यावर फेकून द्यावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ आली. दारात उभी राहिली, पेटीकडं बघितलं आणि हसू दाबलं. दाबलं, पण मला दिसलं.

“ताई, चुंबकानं झालंय हे. माझ्या पेटीचं पण झालं हुतं. ट्यूब नाय गेली.” रस्त्यावरून मामा बघत होते, आणि आत येऊन तिनं बोटानं दाखवलं. “स्पीकर इथनं काढा, पार खाली न्या, टीव्हीपासून लांब. मग टीव्ही थोडा वेळ बंद ठिवून परत लावा. दोन-चार खेपा केलं की रंग येत्यात जाग्यावर.”

म्हणजे तिच्याही पेटीचं झालं होतं, आणि पत्र्याला कान लावून बसलेल्या मला पत्ता लागू दिला नाही बघा! “बरं,” मी म्हटलं. तोंडातून ‘बस, चहा घे’ निघालं नाही.

तिचं सांगून झालं. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय? स्क्रू काढले मी. तो धोंडा मांडीवर घेऊन उतरवला मी. पेटीच्या तळाला प्लायवूड कापायचं तर करवत हातातून निसटून अंगठ्याला लागली, ती माझ्याच. तिथं स्पीकर बसवला तर फळ्या थरथरून खडखडायला लागल्या, म्हणून जुन्या गोधडीच्या पट्ट्या फाडून फटीत कोंबल्या. टीव्ही लावला, बंद केला, उसाची मोळी सोलली, परत लावला. हिरवं कमी झालं. परत तेच केलं. संध्याकाळच्या आत आभाळ निळं झालं आणि मी एकटीच पेटीसमोर उभी राहून हसत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांना आडवी गेले आणि हाताला धरून त्यांना आत आणलं. बसले. पहिला बॉम्ब फुटला आणि त्यांनी चमकून खाली बघितलं. स्पीकर आता त्यांच्या गुडघ्यासमोर होता. कानाला कळायच्या आधी पायांना कळत होतं. “आयला!” म्हणाले, आणि असे खेळायला लागले की विचारू नका. बाकावर रस पीत बसलेली चार माणसं उठून मागं येऊन उभी राहिली. गलका ऐकून जाऊ पण आली, रसाचे हात पुसत.

आता म्हणतील, आता म्हणतील.

“कसला आवाज केलाय, बाबा!” मागच्या एकानं त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं. “कुणाकडनं बसवून घेतला?”

मामांनी नजर न हलवता हनुवटीनं जावेकडं दाखवलं. “आमच्या धाकटीनं. काल येऊन दुरुस्त करून गेली. थोरलीनं पार वाटोळं केलं हुतं.”

मी पट्टी बांधलेला अंगठा पदरात लपवला. का लपवला, देव जाणे. जावेचं तोंड उतरलं. हे मी तिच्या बाजूनं सांगते, कारण खरं आहे. ती पुढं झाली आणि मोठ्यानं म्हणाली, “मामा, म्या नाय केलं! ताईंनी केलं समदं! म्या नुसतं सांगिटलं!”

शब्द न् शब्द मला ऐकू आला. बाकावरच्या माणसांनाही ऐकू आला. नाही ऐकू आला तो मामांना. धाडधाड बॉम्ब पडत होते, गोधडीच्या पट्ट्यांनी खडखड बंद केलेला माझा स्पीकर घुमत होता, आणि त्यात तिचं बोलणं बुडून गेलं.

“परत सांग,” मी तिला म्हटलं. लाज सोडून म्हटलं. आणि पेटीच्या कडेला हात घालून आवाज एकदम बारीक केला.

जाऊ वाकली, तिनं तोंड उघडलं, तोच मामा खेकसले. “आरं, कुणी कमी केला? ही थोरलीच असनार. तिला कुनाचं चांगलं चाललेलं सोसतच न्हाई. धाकटे, वाढव गं त्यो आवाज!”

जावेनं माझ्याकडं बघितलं. तिचा हात जागचा हलला नाही. मामांच्या विमानावर चारी बाजूंनी गोळ्या येत होत्या आणि ते दांड्याला झोंबत “वाढव, वाढव” करत होते.

मी आवाज वाढवला.

“हां, आता कसं!” मामा म्हणाले, आणि धाकटीकडं बघून हसले.