बजेट कुटवर आलं?

माझा आवाज लहानपणापासून मोठा. आई म्हणायची, याच्या कानात सांगितलेलं वेशीपर्यंत जातं. सोलापुरात गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून म्हणून चिकटलो, तेव्हा कुठं त्या आवाजाला काम मिळालं. मी राहायचो त्या गल्लीच्या तोंडाशी एक चहाचं हॉटेल होतं. तिथं पेपर एक यायचा आणि त्याच्यावर टपलेले वीसजण. ओढाओढीत पेपरच्या चिंध्या व्हायला लागल्या, म्हणून मी मोठ्यानं वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा अशी रीत पडली. सकाळी भोंगा व्हायच्या आधी आमचं वाचन संपायचं.

विधानसभेची बातमी मी उभा राहून वाचत असे. आमच्या पक्षाचा आमदार बोलला असेल तर त्याचं वाक्य जरा चढवून, आणि मंत्र्याचं उत्तर भरभर, नाकातून. हॉटेलातले बहुतेक आमच्याच बाजूचे, त्यामुळं हशा हमखास. दाराशी एक चादरी विणणारा बसायचा. तेलुगू घरातला, वयानं माझ्यापेक्षा मोठा आणि पक्का सरकारपक्षाचा. तो बशीतला चहा संपवून एवढंच म्हणायचा, "मंत्र्याचं बी नीट वाचा की." मी कधी वाचलं नाही. सत्तरचं दशक संपत आलेलं, निवडणुकांनी सगळीकडं उलथापालथ केलेली, आणि माझ्यासारख्या एकट्या माणसाला पक्ष हेच घर वाटत होतं.

एकटा म्हणजे लग्न न झालेला नव्हे. बायको होती, पण ती नांदेडकडच्या एका खेड्यात सरकारी दवाखान्यात नर्स होती. लग्नाआधीची नोकरी. ती सोडून ये म्हणावं एवढा माझा पगार नव्हता, आणि खरं सांगायचं तर सोडावी असं तिला वाटतही नव्हतं. जिल्ह्याबाहेर बदली व्हायची तर तिकडं जागा रिकामी पाहिजे, आणि सोलापूर जिल्ह्यात ती कधी रिकामी नसायची. लग्नाला तीन वर्षं झाली होती. त्यातले एकत्र घालवलेले दिवस गोळा केले असते तर एक उन्हाळा भरला असता. मी खानावळीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायचो आणि खोलीवर येऊन तिची जुनी पत्रं पुन्हा वाचायचो. तीही मनातल्या मनात वाचता येत नसत, पुटपुटत वाचायचो.

मग एकदा आरोग्य खात्यातल्या ओळखीच्या कारकुनानं बातमी दिली. सोलापूरजवळच्या मंद्रूपच्या दवाखान्याला नर्सची एक नवी जागा येत्या बजेटात धरली होती. बायकोनं अर्ज केला, तो पुढं सरकला, आणि बजेट मंजूर झालं की ऑर्डर निघणार असं ठरलं. तेव्हा ती गरोदर होती. फाल्गुनात माहेरी बाळंतपण, रजा संपली की बाळाला घेऊन सरळ मंद्रूपला रुजू, असा आमचा बेत. मी मंद्रूपहून एसटीनं गिरणीत ये-जा करणार होतो.

मला धीर कुठला. मी बाळंतपणाच्या आधीच मंद्रूपला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. पुढच्या खोलीच्या तुळईला पाळण्यासाठी कडी ठोकून घेतली. पाळणाही आणला, लाकडी, लाल-हिरवा. दर रविवारी जायचं, कुलूप काढायचं, आठवड्याची धूळ झाडायची, पाळणा पुसायचा आणि शेवटच्या गाडीच्या आत परत यायचं. त्या रिकाम्या खोल्यांत मी झाडू मारायचो तेव्हा मला कधी वेड्यासारखं वाटायचं, तर कधी फार बरं वाटायचं.

शेजारी घरमालकीण राहायची. घरात कानडी, बाहेर मराठी. पहिल्या रविवारी तिनं विचारलं, बाई कधी येणार? मी म्हणालो, बजेट झालं की. बजेट म्हणजे काय ते मी तिला पुष्कळ समजावून सांगितलं. तिनं मान डोलावली आणि तिच्या पद्धतीनं समजून घेतलं. मुंबईहून काहीतरी निघालेलं आहे, ते आलं की बाई येणार. पुढच्या रविवारपासून मला बघितलं की ती कट्ट्यावरून विचारायची, "काय वो, बजेट कुटवर आलं?"

बजेट आलंच नाही. निवडणुकांनंतरचं नवं सरकार पाचसहा गटांची मोट बांधून उभं होतं. एकानं वर बघितलं की दुसरा खाली बघायचा. मार्चमध्ये पूर्ण बजेट मांडायच्या ऐवजी त्यांनी लेखानुदान घेतलं. म्हणजे चार महिन्यांपुरती खर्चाची परवानगी. जुनं असेल ते चालू ठेवायचं, नवं काही करायचं नाही. मंद्रूपची जागा नवी होती.

मी सरकारवर असा काही भडकलो की विचारू नका. फाल्गुनात मुलगी झाली. बारशाला जाऊन तिला बघून आलो. मूठ आवळून झोपलेली होती, माझ्याकडं तिनं ढुंकून पाहिलं नाही. रजा संपली आणि बायको तान्ह्या पोरीला घेऊन मंद्रूपऐवजी पुन्हा त्याच खेड्यात गेली. सोबतीला तिची विधवा मावशी. मी हॉटेलात रोज सरकारच्या नावानं खडे फोडायचो. यांना एक बजेट मांडता येत नाही, हे राज्य काय करणार. चादरीवाला ऐकून घ्यायचा. घरमालकिणीला सांगायचो, सरकार नालायक आहे हो. ती म्हणायची, "असंल बाई, पर यील की."

पावसाळी अधिवेशनात शेवटी बजेट मांडलं गेलं, आणि आता आमच्या पक्षाची पाळी आली. एका चौकशीची मागणी होती. ती मान्य होईपर्यंत सभागृह चालू द्यायचं नाही असं आमच्या आमदारांनी ठरवलं. रोज घोषणा, रोज तहकुबी. आमच्या आनंदाला पारावार नव्हता. पक्षाच्या वॉर्डाच्या कचेरीत सभा झाली, मी ठराव लिहिला आणि मीच वाचला: चौकशी जाहीर झाल्याखेरीज बजेट मंजूर होऊ देऊ नये. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी स्वतः तार ऑफिसात जाऊन मुंबईला तार केली. त्याच मजकुराचं पत्रक छापलं, खाली चिटणीस म्हणून माझं नाव. नवऱ्याचं नाव छापून आलेलं बघून बायकोला बरं वाटेल म्हणून एक प्रत तिला पाठवली.

तिचं अंतर्देशीय आलं. पोरगी पालथी पडायला लागली होती, मावशीचे गुडघे दुखत होते, तिकडं पाऊस बरा होता. सगळं लिहून झाल्यावर, पत्र दुमडून चिकटवायची जी पट्टी असते, त्या पट्टीवर बारीक अक्षरात होतं: "पत्रक मिळालं. छपाई चांगली आहे. मंद्रूपची जागा याच बजेटात आहे ना?"

पुटपुटत वाचणारा मी, तिथं माझे ओठ थांबले. कुणाला खरं वाटणार नाही, पण माझ्या डोक्यात तोवर दोन बजेटं होती. एक मंद्रूपचं, जे सरकारच्या नालायकीनं अडलं होतं. दुसरं मुंबईतलं, जे आम्ही मोठ्या शौर्यानं अडवलं होतं. ती दोन्ही एकच आहेत हे मला त्या पट्टीवरच्या ओळीपर्यंत सुचलं नव्हतं. आणि तिनं दोष दिला नव्हता, नुसतं विचारलं होतं. त्याची मला जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात पेपर माझ्या हातात दिला गेला. गोंधळामुळे सभागृह पुन्हा तहकूब, ही मुख्य बातमी. मी दोन ओळी वाचल्या आणि घसा बसलाय म्हणून पेपर खाली ठेवला. सगळे गेल्यावर चादरीवाला तसाच बसून होता. काय झालं म्हणून त्यानं विचारलं, आणि साऱ्या सोलापुरात मी फक्त त्याला सांगितलं. आमच्या पक्षातल्या एकालाही सांगायची माझी छाती झाली नव्हती. मला वाटलं, आता हा वर्षभराचं उट्टं काढणार. त्याला तेवढा हक्कही होता. पण त्यानं बशीतला उरलेला चहा संपवला. त्यानं माझ्या चहाचे पैसे दिले आणि सायकल घेऊन गेला. हसला असता तर बरं झालं असतं. त्या दिवशी मला जेवढं एकटं वाटलं तेवढं खानावळीत एकट्यानं काढलेल्या दिवाळीतही वाटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात आमच्या पक्षाचे एक आमदार, दुसऱ्या जिल्ह्यातले, सोलापुरात मुक्कामाला आले. कचेरीत त्यांनी माझी पाठ थोपटली, तार पोचली म्हणाले. हीच वेळ, असं म्हणून मी धाडस केलं. म्हटलं, साहेब, बजेट अडल्यामुळं खेड्यापाड्यांतल्या नव्या जागाही अडल्यात. आता मंद्रूपच्या दवाखान्यातली नर्सची जागाच घ्या.

ते हसत म्हणाले, "एका नर्सपायी सरकारला मोकळं सोडायचं का?"

कचेरी हसली. मी सांगायला हवं होतं की ती नर्स माझी बायको आहे. एवढा मोठा आवाज देवानं दिला होता, आणि मी काय केलं, तर मीही हसलो.

पुढं श्रावणात एका दुपारी बजेट मंजूर झालं. आमच्या ठरावामुळं नव्हे आणि चौकशीमुळंही नव्हे, चौकशी तर झालीच नाही. मुंबईत वरच्यावर काय ठरलं देव जाणे. आमच्या कचेरीला कुणी कळवलंसुद्धा नाही, आम्ही पेपरात वाचलं. तोवर सगळ्या गोष्टी मागं पडल्या होत्या. जागेची मंजुरी दिवाळीनंतर आली, ऑर्डर त्याच्याही नंतर, आणि तिच्या खेड्यात बदली नर्स येईपर्यंत तिला सोडेनात. माझा रविवारचा झाडू चालूच होता. पाळण्याचा रंग पुसून पुसून फिका झाला. मधे मला एकदाच रजा मिळाली. गेलो तर पोरगी तापात होती, गुंगीत पडून होती. दोन दिवस बसून परत आलो.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा आठ दिवसांवर होती तेव्हा त्या आल्या. मी एसटी स्टँडवर तासभर आधी जाऊन उभा. गाडी लागली, बायको पोरीला कडेवर घेऊन उतरली. पोरगी दहा महिन्यांची, टपोरे डोळे, सगळीकडं टकामका बघत होती. मला राहवलं नाही. हॉटेलात वाचायचो त्या आवाजात मी हाक मारली, "आली का गं माझी बाय!"

पोरगी दचकली. तोंड वाकडं करून असं काही रडायला लागली की स्टँडवरचे लोक वळून बघायला लागले. आईच्या मानेत तोंड खुपसून बसली. मी जवळ गेलो की आवाज आणखी चढायचा. बायकोनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "हळू बोला. तिला पुरुषाच्या आवाजाची सवय नाही. घरात आम्ही बायकाच होतो."

मंद्रूपपर्यंत मी गाडीत पोरीच्या नजरेआड, मागच्या बाकावर बसलो. घरमालकीण कट्ट्यावर वाट बघत होती. तिनं पोरीचं तोंड कुरवाळलं, कानशिलावर बोटं मोडली आणि मला म्हणाली, "आलं म्हना की बजेट." पोरगी तिच्याकडं लगेच गेली.

संध्याकाळी पाळणा पहिल्यांदा हलला. बायकोनं आतून खूण केली, बाहेर थांबा. त्या पत्रकाबद्दल तिची माफी मागायची, असं मी पावसाळ्यापासून ठरवलं होतं, वाक्यंही जुळवून ठेवली होती. पण दारात उभं राहून कुजबुजायला मला येत नव्हतं, आणि पोरीला आत्ता कुठं डोळा लागत होता. मी चपला हातात घेऊन पायरीवर जाऊन बसलो.