जावयाला कोण सांगणार

महादेवराव म्हणजे आमच्या डेपोतला सगळ्यात कटकट्या माणूस, आणि हे मी कौतुकानं सांगते आहे. आमची कंपनी पशुखाद्याची, डेपो बुलढाण्यात, चिखली रोडला. रोज सकाळी ढेपेची पोती भरून पिकअप गाड्या निघतात. कोणती गाडी कुठल्या गावाला जाणार हे मी ठरवते आणि ती नीट जाते की नाही हे महादेवराव बघतात. ते वाहन सुपरवायझर. एखाद्या ड्रायव्हरला गाडीवरून उतरवायचा अधिकार कंपनीनं एकट्या त्यांनाच दिलेला आहे. मला सगळे मॅडम म्हणतात. पुष्पांजली हे नाव घरच्यांपुरतंच उरलं आहे.

सकाळी ते गेटवर उभे राहिले की एकही गाडी सुखासुखी सुटत नाही. आरशापुढं झेंडूचा हार लोंबतोय, काढ. फोन स्टेअरिंगपुढं उभा करून ठेवलाय, खिशात घाल. पोत्यांवर माणूस बसलाय, उतरव त्याला. आमच्या ड्रायव्हरांची तऱ्हाही न्यारी. सीटचा पट्टा सीटच्या मागून फिरवून आधीच अडकवून ठेवायचा, म्हणजे गाडीतली पट्ट्याची घंटी वाजत नाही, आणि आपण त्याच्यापुढं मोकळं बसायचं. कंपनीनं दिलेला पट्टा सगळ्यांनी लावलेला, आणि कुणीच लावलेला नाही.

"काऊन बे जीवन," महादेवराव खिडकीत डोकं घालून विचारायचे, "पट्टा सीटले बांधला? सीट पडून राह्यली का गाडीतून?"

जीवन हा आमचा जुना ड्रायव्हर. तो हसत हसत पट्टा काढून अंगावर घ्यायचा आणि पुढच्या वळणावर पुन्हा सीटला बांधायचा. मग महादेवराव स्कूटरवरून मागं जाऊन त्याला गाठायचे. आम्ही शेजारी राहतो, त्यामुळं त्या स्कूटरवर मागं बसून मी कधीकधी बाजारात जाते. भाजी घ्यायला जायचं तरी मला हेल्मेट घालावं लागतं. मेथीवाली तोंडाला पदर लावून हसते. पण सांगते, या माणसाच्या कटकटीमुळं आमच्या डेपोतून कुणाची तिरडी उठलेली नाही.

असा हा माणूस, आणि त्यानं आपल्या पुतणीच्या नवऱ्याला आमच्याकडे ड्रायव्हर म्हणून आणलं. काय म्हणावं?

महादेवरावांचे थोरले भाऊ किसनराव धाडला असतात, शेती बघतात. त्यांची मुलगी निशिगंधा संग्रामपूरच्या हरिओमला दिली. मुलगा दिसायला देखणा, बोलायला गोड, काम मात्र धड कुठंच नाही. किसनराव रोज फोन करायचे, "महादू, जवायाले लाव ना कुठी." शेवटी महादेवरावांनी लावलं. दोघं नवराबायको बुलढाण्यात भाड्यानं राहायला आले.

आता जावई तो जावई. आमच्याकडे जावयाला पाणी द्यायचं, पाट द्यायचा, टॉवेल द्यायचा. शिकवण द्यायची पद्धत नाही. पहिल्याच दिवशी हरिओम बिनपट्ट्याचा गेटवर आला. मी खिडकीतून बघत होते, आता याची खरडपट्टी निघणार. महादेवराव गाडीजवळ गेले, घसा खाकरला आणि म्हणाले, "पाव्हणे, पट्टा लावता का जरासा? गरम होत असन तं राहू द्या."

राहू द्या! मला तर कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

हरिओमनं राहू दिला. मागच्या गाडीत जीवन होता, त्यानं हे ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या गाड्या बिनपट्ट्याच्या निघायला लागल्या. महादेवराव ओरडले की जीवन म्हणायचा, "साहेब, आमाले बे अन् त्यायले पाव्हणे? आमाले बी जवाई करून घ्या ना." यावर महादेवराव काय करणार? ते चहा घ्यायला निघून जायचे.

पट्ट्यापर्यंतच असतं तर मी दात ओठ खाऊन गप्प बसले असते. हरिओमचा खरा रोग दुसराच होता. त्याची गाडी जळगाव जामोदला जायची, म्हणजे बुलढाण्यातून राजूर घाट उतरून खाली. घाट लागला की हा पठ्ठ्या गाडी न्यूट्रलमध्ये टाकायचा. गिअरमध्ये धरून न ठेवता गाडी नुसती उतारावर सोडून द्यायची, मागं ढेपेचं वजन, आणि सगळा भार ब्रेकवर. कशासाठी? तर डिझेल वाचतं. आणि कंपनीची हुशारी बघा. एकीकडे सुरक्षित वाहन सप्ताहाचे फलक पाठवायचे आणि दुसरीकडे ज्याची गाडी कमी डिझेल पिते त्याला पंधरा ऑगस्टला कुकर बक्षीस द्यायचा. जो घाटात मरणाशी खेळतो त्याला शिट्टीचा कुकर!

मी माझ्या परीनं उपाय केला. हरिओमची गाडी धाडच्या वाटेला लावली, तिकडे राजूर घाट लागत नाही. तर त्याच दुपारी किसनरावांचा फोन. जावयानं सासुरवाडीच्या गावात येऊन दुकानापुढं पोती उतरवायची? आठवडी बाजाराच्या दिवशी, चार लोकांसमोर? महादेवरावांनी माझ्यापुढं हात जोडले आणि हरिओम पुन्हा घाटात गेला. जावयाची मान खाली जायला नको, बाकी जावई खाली गेला तरी चालेल, असा एकूण हिशेब.

एक दिवस निशिगंधा डेपोत आली. काकांना डबा द्यायचं निमित्त होतं. माझ्या टेबलाशी उभी राहून ती महादेवरावांना म्हणाली, "काका, तुमीच सांगा त्यायले. मी सांगतलं तं अजून दाबतात गाडी. संध्याकाळ झाली का हातातलं काम राहते. रस्त्यानं गाडी वाजली का दारात जातो."

महादेवराव डब्याचं झाकण उघडत आणि लावत राहिले. "सांगतो, बाई," ते म्हणाले. "पाहून सांगतो."

"काय पाहता?" मी म्हटलं. "तो गेल्यावर पाहणार का?" बोलून गेले आणि निशिगंधाचा चेहरा बघून जीभ चावली. पण माझं चुकलं नव्हतं, हे आजही म्हणते.

अधिक श्रावण आला होता. घाटात दिवसभर भुरभुर आणि धुकं. नांदुऱ्याला दुकानदारांची बैठक होती, म्हणून महादेवराव आणि मी हरिओमच्या गाडीतूनच निघालो. मी मधे, महादेवराव खिडकीशी. आम्हा दोघांना पट्टा, चालवणाऱ्याला नाही. पहिलं वळण ओलांडलं आणि हरिओमचा हात गिअरवर गेला. इंजिनचा आवाज एकदम बसला आणि गाडी मोकळी सुटली. महादेवरावांनी पुढचा दांडा धरला, पण तोंड उघडलं नाही. मी त्यांच्या बरगडीत कोपर मारलं. तरी नाही.

खालून लालपरी वर येत होती. हरिओमनं ब्रेक दाबला, गाडी थांबेना. त्यानं पुन्हा दाबला.  एसटीवाल्यानं गाडी पार कठड्याला नेली, म्हणून आम्ही तिला नुसतेच घासून गेलो आणि डोंगराच्या बाजूच्या नालीत चाक घालून उभे राहिलो. मागची पोती केबिनवर येऊन आदळली. दुसऱ्या बाजूला दरी होती. चाक त्या बाजूला गेलं असतं तर हे लिहायला मी नसते.

महादेवराव खाली उतरले.  जावयाकडे वळून ते म्हणाले, "पाव्हणे, तुमाले लागलं तं नाही ना?"

माझं डोकं फिरलं. त्या भर रस्त्यात मी हरिओमला जे बोलले ते इथं लिहिता येण्यासारखं नाही. तो माझं ऐकून घेत उभा राहिला आणि शेवटी एवढंच म्हणाला, "रोजच उतरतो, मॅडम. आज रस्ता ओला होता." मग बाजूला जाऊन त्यानं सासऱ्याला फोन लावला.

झालं. जावईबुवा रुसले. संध्याकाळी किसनरावांचा फोन आला तेव्हा मी शेजारच्या अंगणातच होते. त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता. लग्नानंतरचा पहिलाच धोंडा, जावयाला पुढच्या रविवारी जेवायला बोलावलेलं, अर्ध्या धाडला सांगून ठेवलेलं, आणि तुमच्या डेपोतल्या बाईनं जावयाचा अपमान केला. आता तो आला नाही तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. "मनव त्याले, महादू. कसा बी मनव."

गाडी घाटात उलटली असती याबद्दल एक शब्द नाही. महादेवरावांनी फोन ठेवला आणि बराच वेळ स्कूटर पुसत बसले. स्कूटर स्वच्छच होती.

रविवारी मलाही आग्रहाचं आमंत्रण होतं, बहुधा माफी मागायला. आम्ही धाडला पोचलो तर अंगणात काय उभं? कंपनीची पिकअप. सुट्टीच्या दिवशी गाडी डेपोबाहेर न्यायची नाही हा नियम, आणि हरिओम निशिगंधाला तिच्यातून घेऊन आलेला. गाडीला कुंकू लावलेलं, आरशापुढं हार. बायकांनी जावयाबरोबर गाडीलाही ओवाळलं होतं म्हणे. मी महादेवरावांकडे पाहिलं. ते गाडीकडे बघत होते.

हरिओम पाटावर बसला. फुगलेलाच होता, पण आला होता. ताटात पुरणाचे धोंडे, तांब्याच्या ताटलीत अनारसे, पायाखाली परात. किसनरावांनी पाय धुतले, पुसले, हळदकुंकू लावलं. मग चुलत सासरे म्हणून महादेवरावांची पाळी आली. ते गुडघ्यावर बसले. तांब्यातलं पाणी हळूहळू सोडत त्यांनी डावा पाय धुतला, मग उजवा. उजवा त्यांनी सोडलाच नाही. दोन्ही हातांत धरून बसले. हरिओमनं ओढून पाहिला.

"काकाजी, झालं ना."

"झालं," महादेवराव म्हणाले. "आता गाडीची चावी द्या, पाव्हणे."

वाढप थांबलं. किसनराव पुढं येऊन म्हणाले, "महादू, हे काय लावलं? ताटावर बसला जवाई."

"ताटावर हाये म्हनूनच मांगून राह्यलो, भाऊ." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. "उद्यापासून तुमी गाडीवर नाही, पाव्हणे. गोदामात काम करा. रागवा माह्यावर. जेवू नका, उठून जा. रुसलेला जवाई मी जन्मभर मनवत बसन. मेलेल्याले कसा मनवू? सांगा तुमीच, मेलेल्याले कसा मनवू?"

हरिओमनं किसनरावांकडे पाहिलं. किसनरावांनी मान फिरवली. तेव्हा निशिगंधा आली, पंगतीतल्या सगळ्यांच्या देखत नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात हात घातला, चावी काढली आणि काकांच्या पुढ्यात ठेवली. मग महादेवरावांनी पाय सोडला.

हरिओम न जेवता उठला. धोंडे तसेच राहिले. किसनराव त्या दिवसापासून भावाशी बोलत नाहीत. गणपतीलाही बोलावलं नाही. गेटवर मात्र सगळे पट्टे अंगावर आले. जीवननं पुन्हा कधी जावई करून घ्या म्हटलं नाही. पुढच्या पंधरा ऑगस्टला कुकर दुसऱ्याच कुणाला मिळाला. कंपनीला अजून अक्कल आलेली नाही.

हरिओम आमच्या गोदामात आहे. माझ्याशी बोलत नाही, काकांशी बोलत नाही, पोती अशी आपटतो की भुसा उडतो. मला त्याची दया येत नाही, पण निशिगंधाची यायची. हे असलं फुगलेलं तोंड तिला रोज घरात सोसावं लागतं. परवा ती बाजारात भेटली तेव्हा मी तसं म्हटलंही.

"हाव, मॅडम. अजून रुसेलच हायेत," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी येतात, चपला फेकतात अन् दार असं आदळतात का भांडी पडतात." तिनं कोथिंबिरीची जुडी उचलून पिशवीत टाकली. "आदळू द्या. दार वाजलं का मी पोळ्या टाकाले घेतो."