ललितने धरलेलं शून्य

बादलीतले अर्धे कपडे दोरीवर गेले होते, अर्धे पिळे होऊन तसेच पडले होते, आणि तेवढ्यात खालच्या घरातून पीं-पीं सुरू झालं. ललितने हातातला टॉवेल गच्चीच्या कठड्यावर टाकला आणि तो भराभर जिना उतरला.

खाली त्याची आई, मंगलाबाई, देवापुढे बसली होती. धुपाटण्यात निखारा, त्यावर चिमूटभर धूप. आणि वर कपाटावर ठेवलेलं ललितचं यंत्र लाल दिवा मिचकावत ओरडत होतं.

“घे, आला तुझा पोलीस,” मंगलाबाई म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला ढास लागली.

ललित मुंबईला विद्यापीठात संगणकाचं संशोधन करायचा. काही दिवस तिकडे, बाकीचे बोईसरला घरी, लॅपटॉप मांडीवर घेऊन. घर तात्यांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, कारखान्यात पाळ्या करून बांधलेलं. तात्या गेल्यावर मायलेक दोघंच उरले. पोराला लहानपणापासून वस्तू उघडून बघायचा नाद. मिक्सर म्हणू नका, रेडिओ म्हणू नका, शेजारचा इन्व्हर्टरसुद्धा त्याने सोडला नव्हता. आईचा खोकला हटेना तेव्हा त्याने हवा तपासायचं हे यंत्र जोडलं: एक सेन्सर, चार तारा आणि लाडवांचा रिकामा डबा. अशा सेन्सरला आधी चांगली हवा दाखवावी लागते. ती तो शून्य धरतो आणि पुढचं सगळं त्यावरून मोजतो. ललितने एका सकाळी आभाळ स्वच्छ बघून गच्चीवरच त्याला शून्य दाखवलं. तेव्हापासून घरात आकडा शून्याच्या आसपासच असायचा. उसळायचा तो फक्त धुपाला.

“आई, आकडा खोटं बोलतो का? तुझा खोकला या धुरानेच आहे.”

“अरे, माझ्या सासूने जन्मभर धूप घातला. म्हातारी शेवटपर्यंत खणखणीत बोलायची. आणि खिडकीतून कारखान्यांचा वास येतो त्याचं काय?”

“तो वास असतोच. त्याला यंत्र काही म्हणत नाही.”

मंगलाबाईने यंत्राकडे पाहिलं, मग देवाकडे. “देवाला काय, तो भावाचा भुकेला,” असं पुटपुटत तिने निखाऱ्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं. ललित वर जाऊन उरलेले कपडे वाळत घालू लागला.

धुपाटणं पालथं पडलं ते पडलंच. यंत्र गप्प झालं. मंगलाबाई मात्र खोकतच राहिली. पाऊस सरला, दिवाळी झाली, तरी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसल्याशिवाय तिला गच्ची गाठता येईना. ललित म्हणायचा, “आकडा शून्य आहे आई. तुझ्या मनाने घेतलंय.” ती उलट बोलायची नाही. लेक शिकलेला, त्यात एकुलता.

विद्यापीठातलं त्याचं कामही याच जातीचं. यंत्राला आधी नेहमीचं काय ते शिकवायचं, म्हणजे काही वेगळं दिसलं की ते हटकतं. तिथल्या विद्यार्थ्यांना तो गमतीने सांगायचा, “दारातल्या कुत्र्यासारखं आहे. घरच्यांवर भुंकत नाही, परक्यावर भुंकतं.”

एका रविवारी कोणीतरी खोकल्यावर अडुळसा सांगितला. अडुळसा मासवणला, नदीकाठी कैलासच्या वाडीत होता. कैलास त्याचा शाळेतला मित्र. ललित मोटरसायकलवरून निघाला. यंत्र सॅकमध्ये होतं, पॉवर बँकेला लावलेलं. सहज, नवीन जागी काय दाखवतं ते बघायला. वाडीत त्याने ते दगडावर ठेवलं. आकडा उतरला. शून्यावर आला, आणि खालीच जात राहिला.

“मशीन आजारी हाय का रे तुझं?” पानं खुडता खुडता कैलास म्हणाला. “शून्याच्या खाली काय असतं? बँकेचं खातं हाय काय?”

ललितने तारा हलवल्या. बंद करून परत चालू केलं. वारा नदीकडून येत होता, कुठे चूल नाही, गाडी नाही. आकडा खालीच.

“तोंड का पडलं तुझं? आमी काय केलं?”

“तुम्ही काही नाही केलं,” ललित म्हणाला. “मी शून्य चुकीच्या जागी धरलं.”

ज्या हवेत तो जन्मला, वाढला, तीच त्याने चांगली हवा म्हणून यंत्राला दाखवली होती. त्याच्या नाकाला त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं. कुत्रा घरच्यावर भुंकलाच नाही, आणि चोर घरचाच होता. आळ आला तो धुपावर.

परतीच्या वाटेवर आकडा चढत गेला. बोईसरला, घराच्या दारात, यंत्राने बिनघोर शून्य दाखवलं.

“आई, चूक माझी होती,” त्याने पानांची पिशवी खाली ठेवली. “तुझा धूप नाही, इथली हवाच वाईट आहे. उद्यापासून घाल धूप.”

“म्हणजे देव सुटला आरोपातून!” मंगलाबाई हसली. त्या हसण्यातच तिचा श्वास अडकला. ओठ निळे पडले. ललितने शेजाऱ्यांची रिक्षा बोलावली आणि तिला पालघरला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला. “फुप्फुसं कडक झालीत. झाली ती पुन्हा मऊ होत नाहीत. आधी का नाही आणलंत?”

मंगलाबाईच बोलली, “धूप बंद करून बघत होतो, डॉक्टर.”

“नुसत्या धुपाने एवढं होत नाही. जमलं तर राहती जागा बदला. घरी ऑक्सिजन लावावा लागेल. आणि तो चालू असताना त्या खोलीत काडी नाही, निरांजन नाही, धूप तर नाहीच. भडका उडेल.”

परतीच्या रिक्षात उमरोळी मागे पडल्यावर ललित म्हणाला, “कैलासकडे मागची खोली रिकामी आहे. तिकडे राहू.”

“जाऊ की. तात्यांचं घर कुठे पळतंय?” जरा दम घेऊन ती म्हणाली, “मेलं, धुपाला परवानगी मिळाली ती एक दिवसही टिकली नाही. नशीब बघ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाटेवरून देवांकडे बघत पडली होती. ललितने धुपाटणं घासायला घेतलं. चिंचेने एक बाजू उजळली, दुसरी काळीच होती.

“ते राहू दे,” मंगलाबाई म्हणाली. “मला पडूनही श्वास पुरेना झालाय. तू नीघ.”

त्याने हात धुतले आणि मोटरसायकलची किल्ली घेतली. पालघरहून ऑक्सिजनचं मशीन भाड्याने आणायचं होतं.