दुसऱ्याच्या तंबूतली सुट्टी

बसथांब्यामागच्या गल्लीत त्याचं दुकान होतं. दुकान कसलं, एक शिवणयंत्र आणि माणूस बसला की भरणारी जागा. बॅगांच्या चेनी, ताडपत्र्या, छत्र्या असलं सगळं तो दुरुस्त करायचा. सगळे त्याला चेनमास्तर म्हणत. वीस वर्षांत कुणाची वस्तू हरवली नाही की बदलली नाही. लोक पावतीसुद्धा मागत नसत.

शेजारच्या गल्लीत एक निवृत्त नर्सबाई राहायच्या. उन्हाळ्याच्या तोंडावर त्या एक मोठा तंबू घेऊन आल्या. दाराची चेन गेली होती.

"घाई नाही मास्तर. नातवंडं यायची आहेत, तेव्हा लागेल."

मास्तरांनी चेन दोन दिवसांत बसवली. बाई काही लगेच आल्या नाहीत. तंबू कोपऱ्यात पडून राहिला आणि रोज मास्तरांच्या डोळ्यांत भरू लागला. घरी अकरा वर्षांची लेक तीन वर्षं एकच धोशा लावून बसली होती, समुद्रावर तंबूत राहायचं. शेवटी एका गुरुवारी मास्तर तो तंबू पाठीला लावूनच घरी आले.

"कुणाचा हो?" बायकोनं विचारलं.

"गिऱ्हाईक आहे एक. वापरा म्हणाल्या."

इतक्या सहज तोंडातून गेलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

शुक्रवारी दुपारी किनाऱ्यावर पोचले तेव्हा लख्ख ऊन होतं. खुंट्या ठोकून होताहेत तोवर सर आली, आणि भिजलेले कपडे दोरीवर टाकले तोच पुन्हा ऊन. लेकीला तेवढंच हवं होतं. शेजारच्या तंबूवाल्यांना ती सांगत सुटली, "बाबांच्या ओळखीच्या आजींनी दिलाय. बाबांवर त्यांचा फार विश्वास आहे." मास्तर दोऱ्या ताणत राहिले. त्या ताणलेल्याच होत्या.

शनिवारी दुपारी आभाळ पुन्हा भरून आलं. तिघं आत बसून पत्ते खेळत होते. मास्तरांचा फोन वाजला.

"मास्तर, नातवंडं आज संध्याकाळी येतायत. आधी कळवलंच नाही हो पोरांनी. तंबू झाला का? अंगणात लावून देईन म्हणते."

"नाही झाला बाई. त्या मापाची चेनच मिळत नाहीये."

नेमका तेव्हाच पाऊस कोसळला. कापडावर असा तडतडला की फोनवर ओरडून बोलावं लागलं.

"हे काय, तुमच्याकडे पाऊस?" बाई म्हणाल्या. "माझ्या दारात तर कडक ऊन आहे."

"पत्रा... पत्रा धुतोय दुकानाचा."

"बरं," बाई म्हणाल्या आणि फोन बंद.

लेकीच्या हातात पत्ते तसेच धरलेले. बायको त्यांच्याकडे बघत नव्हती. ती दाराच्या नव्या चेनीकडे बघत होती.

"बाबा, आजींनी दिला नव्हता?"

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. आपल्याच मुलीसमोर मान वर करता येऊ नये, असं त्यांना आयुष्यात कधी झालं नव्हतं. ती रडली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं. तिनं पत्ते गोळा केले, नीट जुळवले आणि डबीत ठेवले.

तासाभरानं वारा उठला. एक खुंटी उपटली, दांडी वाकली आणि बाजूचं कापड हातभर फाटलं. शेजारचे धावत आले, दोऱ्या धरल्या, "एवढा चांगला तंबू हो!" म्हणून हळहळले. मास्तरांच्या अंगावर प्रत्येक शब्द चाबकासारखा बसत होता.

तिघं संध्याकाळच्या बसनं परतले. रविवारी मास्तर दुकानात बसले. कापड त्यांनी असं शिवलं, की बोट फिरवूनही टाका लागू नये. दांडी सरळ केली, वाळू झटकली. आता गप्प बसलं तर कुणाला पत्ता लागणार नव्हता. बायको दारात येऊन उभी राहिली.

"नेऊन देताय ना?"

"हो."

"आणि सांगताय ना?"

बाईंच्या अंगणात दोन नातवंडं दोरीवर चादर टाकून खाली बसली होती. ते बघून मास्तर पाठ केलेलं सगळं विसरले.

"बाई, चेन तेव्हाच झाली होती. मी तंबू न विचारता नेला. समुद्रावर. फाटला, तो शिवलाय. फोनवर खोटं बोललो."

बाईंनी तंबू हातात घेतला. "पाऊस कुठला होता ते कालच कळलं होतं मला," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगाल का, एवढंच बघत होते." मग नातवंडांकडे बघून, "पण मास्तर, पोरं चादरीखाली बसली ना."

मास्तर आले तसे परत गेले. वाटेत ओळखीच्या दोघांनी हाक मारली, पण ती त्यांनी ऐकली नाही असं दाखवलं.

बाई कुणाकडे काही बोलल्या नाहीत. दुकान तसंच चालू राहिलं. लेक आठवडाभरानं पुन्हा मोकळेपणी बोलू लागली, फक्त समुद्राचं नाव तिनं काढलं नाही.

चार महिन्यांनी बाई एक प्रवासी बॅग घेऊन आल्या. तिचा पट्टा तुटला होता.

"ठेवून जा बाई, संध्याकाळपर्यंत देतो."

"नको," त्या साधेपणानं म्हणाल्या आणि दुकानाच्या पायरीवर टेकल्या. "मी बसते इथेच."

मास्तरांनी सुईत दोरा ओवायला घेतला. तो तिसऱ्या खेपेला ओवला गेला.