गिरकीचा उजवा गाल

काका नेहमी माझ्या डाव्या हाताला बसायचे. कार्यशाळेतल्या बाकावर, चहाच्या दुकानात, बसमध्ये. डावीकडे जागा नसली तर उभे राहायचे, पण डावीकडेच. मला वाटलं, त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येत असावं, म्हणून चांगला कान माझ्याकडे ठेवतात. मी आपली मोठ्याने बोलायचे. शेवटी एकदा ते वैतागले. "लेखिकाबाई, ओरडतेस कशाला? मी म्हातारा आहे, बहिरा नाही."

काका गेले त्याला तीन आठवडे झाले. मला अजून नीट काही सुचत नाही. घडलं तसं लिहिते.

चौतीस वर्षं ते पंपांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. पंपाचा प्रत्येक भाग कागदावर काढायचा. समोरून, बाजूनं आणि वरून. त्यांच्या मधल्या बोटावर पेन्सिलीने पडलेला खड्डा होता. त्यात तांदळाचा दाणा बसला असता. कारखान्यातून आल्यावर ते एका बालसाप्ताहिकासाठी चित्रकथा काढायचे. शेवटच्या पानावर, सहा चौकटींची. तिचं नाव 'गिरकी'. गिरकी पाच वर्षांची होती. एक वेणी, दोन रंगांचे दोन मोजे. ती हरवलेलं बटण शोधायला निघायची आणि जिन्याशी भांडून परत यायची. अकरा वर्षं ती चालली. मग काकांनी ती अचानक बंद केली. साप्ताहिकाला कळवलं, तब्येत बरी नसते. तब्येत ठणठणीत होती.

मी वाचायला शिकले ती जुन्या अंकांच्या गठ्ठ्यातून, गिरकीचं बोट धरून. साहित्यात पदवी घेतली, नोकरी मिळेना, तेव्हा एका बाहुलीनाट्याच्या मंडळात संहिता लिहू लागले. मंडळ म्हणजे शाळेमागचं एक जुनं गॅरेज. निळं शटर, खळीचा आंबूस वास, खिडकीत काठ्यांवर वाळत घातलेली डोकी. मंडळ चालवणाऱ्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. पुढचं नाटक कुठलं, असं बाईंनी विचारलं आणि मी गिरकी म्हणाले. काकांचा पत्ता साप्ताहिकाच्या जुन्या संपादकांकडे मिळाला.

ते आले तेव्हा तीन खोकी घेऊन आले. अकरा वर्षांची सगळी पानं, क्रमाने लावलेली. पत्नी सहा वर्षांपूर्वी वारली होती. एक मुलगी, ती दुसऱ्या गावी शाळेत गणित शिकवते. एवढं त्यांनी पहिल्या चहात सांगितलं. दुसऱ्या चहात म्हणाले, "नाटक झालं की तिला बोलवायचंय. ती येईलसं वाटत नाही. पण बोलवायचंय."

ते नाटक त्यांना एवढ्यासाठीच करायचं होतं. ते त्यांनी कधी लपवलं नाही.

बाईंनी त्यांना काम दिलं. "डोकं घडवायला तीन चित्रं लागतील. समोरून, बाजूनं, मागून."

दुसऱ्या दिवशी काका एकच चित्र घेऊन आले. गिरकी, डाव्या बाजूने.

"काका, बाहुली म्हणजे पोस्टाचं तिकीट नाही," बाई म्हणाल्या. "तिला दुसरी बाजू असते."

"प्रेक्षकांना कुठे दिसते? ती प्रेक्षकांच्या उजवीकडून येईल आणि डावीकडे जाईल."

"आणि परत कशी येईल?"

"पडद्यामागून."

सगळे हसले. काका हसले नाहीत. चौतीस वर्षं साध्या नटबोल्टाच्याही तीन बाजू काढणारा माणूस एका बाजूवर अडून बसला होता. बाईंनी हात टेकले.

त्या दिवशी मी तिन्ही खोकी उपसली. पाचशे साठ-पासष्ट पानं. गिरकी प्रत्येक चौकटीत डावीकडे तोंड करून होती. शाळेत जाताना डावीकडे. घरी येतानाही डावीकडे. आरशासमोर उभी असली तर आरसा धुळीने भरलेला. नाव गिरकी, पण अकरा वर्षांत तिने एकदाही पूर्ण गिरकी घेतली नव्हती. काका नुसत्या गोल रेघा काढायचे आणि पुढच्या चौकटीत ती चक्कर येऊन बसलेली असायची. डाव्या बाजूनेच.

मी फार खूश झाले. घरी जाऊन टिपण लिहिलं. 'गिरकी आपल्या वाचनाच्या दिशेविरुद्ध चालते. हा व्यवस्थेला दिलेला ठाम नकार आहे.' असं दीड पान. काकांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा पुसला आणि दोनदा वाचलं.

"छान लिहिलंयस," म्हणाले आणि घडी करून खिशात ठेवलं.

आज ते दीड पान आठवलं की मला जमिनीने गिळावंसं वाटतं.

बाईंनी मातीचं डोकं घडवलं. त्यावर कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवल्या, वाळवलं, कापून माती काढली, पुन्हा जोडलं. काकांनी डावा गाल रंगवला. नाक, वेणी, कानही रंगवले. उजवा गाल तसाच पांढरा ठेवला. आमच्यात काठी धरणारा एक उंच माणूस आहे, त्याला आम्ही लंबू म्हणतो. पहिल्या तालमीत लंबूला राहवलं नाही. "नाव गिरकी आणि फिरत नाही, हे कसलं?" म्हणाला आणि त्याने काठी बोटांत धरून गर्रकन फिरवली. वेणी हवेत गेली. पांढरा गाल समोर आला.

काका उठले. त्यांनी काठीच धरली. "थांब," म्हणाले. आवाज इतका वेगळा होता की लंबूने काठी सोडून दिली. काका बाहेर पायरीवर जाऊन बसले.

मी मागोमाग गेले आणि शेजारी बसले. चुकून त्यांच्या डावीकडे. ते उठले, वळसा घालून माझ्या डावीकडे येऊन बसले. मग सांगितलं.

मुलगी पाच वर्षांची. पत्नी कामावर. काका स्वयंपाकघरातल्या टेबलावर शाईने एक रेघ मारत होते. लांब रेघ. अशी रेघ मध्ये सोडता येत नाही, जोड दिसतो. शेगडीवर उकळत्या पाण्याचं दांडीचं पातेलं होतं. मुलगी नवा फ्रॉक घालून फिरत होती. "बाबा, बघा ना, मी कशी फिरते. बघा ना."

"मी म्हणालो, एवढी रेघ होऊ दे."

ती फिरली. हात पातेल्याच्या दांडीला लागला.

बराच वेळ ते खड्डा पडलेलं बोट अंगठ्याने चोळत राहिले. "रेघ पूर्ण झाली होती," म्हणाले. "कारखान्याची नव्हती, घरचीच होती. कुणाला घाई नव्हती."

दवाखान्यात ती दीड महिना होती. तिचा वेळ जावा म्हणून त्यांनी गिरकी काढली. चांगल्या गालाची. ती हसायची, अजून काढा म्हणायची. मग ती साप्ताहिकात गेली. पुढे ते बाजू बदलायचं विसरले, की त्यांना बदलता आली नाही, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. जेवताना, रस्त्याने चालताना ते मुलीच्या डावीकडेच असायचे. सोळाव्या वर्षी तिने एक दिवस सगळे अंक जमिनीवर मांडले. म्हणाली, "बाबा, तुमच्या गिरकीला एकच गाल आहे. दुसरा तुम्हाला बघवत नाही ना?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. मालिका बंद केली." मग, "बंद करणं तिला नको होतं. ती मला बघा म्हणत होती. मी पुन्हा..."

आता त्यांचं फोनवर बोलणं व्हायचं ते एवढंच. जेवलात का? हो. गोळी घेतली? हो. ठेवते.

दुसऱ्या दिवशी ते लवकर आले. डोकं खिडकीपाशी नेलं आणि उजव्या गालावर काम सुरू केलं. पातळ कागद चुरगळायचा, डिंकात बुडवायचा, चिमट्याने लावायचा. लावला की परत काढायचे. बुधवारी दुपारी त्यांनी तिथूनच मुलीला फोन केला. मी रंगाचे ब्रश धूत होते. मला त्यांची बाजू ऐकू आली.

"अगं, एकदा ये. समोर बस फक्त... नाही, नाही, तसं नाही... मला नीट आठवत नाही गं. मला बघायचंय... हॅलो?"

त्यांनी फोन खिशात ठेवला. "शाळेची घंटा झाली असेल," म्हणाले.

गुरुवारी सकाळी मला फोन आला. नाटकाच्या पत्रकावर माझा नंबर होता. काकांनी ते पत्रक तिला पोस्टाने पाठवलं होतं.

"मी त्यांची मुलगी. रविवारी येतेय. तू त्यांना सांगू नकोस. उगाच घर आवरत बसतील."

"नाही सांगत, ताई," मी म्हणाले.

मला इतका आनंद झाला. रविवार माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. शटर अर्धं वर, काका खिडकीपाशी, दारात ती. मी त्यातली वाक्यंसुद्धा मनात लिहिली. कथेत अशा गोष्टी शेवटपर्यंत राखून ठेवायच्या असतात, हे मला शिकवलं होतं आणि मी ते शिकले होते.

दुपारी मी काकांच्या शेजारी बसले होते. ते कागद लावत होते. वर न बघता त्यांनी विचारलं, "येईल का गं ती?"

मी म्हणाले, "बघू या."

शुक्रवारी काका आले नाहीत. अकरा वाजता शेजाऱ्यांचा फोन आला. सकाळी बूट घालता घालता गेले. एक बूट पायात होता, दुसरा हातात.

ताई त्याच दुपारी पोचली. रविवारचं तिकीट तिने आधीच काढून ठेवलं होतं.

चौथ्या दिवशी ती कार्यशाळेत आली. बाईंनी तिच्यासमोर डोकं ठेवलं. काकांचं काम पुरं झालं होतं. कानापासून हनुवटीपर्यंत, ओठाच्या कोपऱ्यापर्यंत अख्खा गाल चुरगळलेला, तांबूस. लंबू दुसरीकडे बघत होता. ताईने डोकं हातात घेतलं.

"अहो, एवढं नाहीये ते," ती म्हणाली.

तिने खिडकीकडे तोंड केलं. पहिल्यांदाच मी नीट पाहिलं. कानाखालून जबड्यापर्यंत एक फिकट डाग. पिंपळाच्या कोवळ्या पानाएवढा. मी फार मोठं काहीतरी धरून चालले होते.

"बदलू का मी?" बाईंनी हळूच विचारलं. "अजून दहा-बारा दिवस आहेत."

ताई डोकं उजेडात फिरवत राहिली. बोटाने कागदाच्या सुरकुत्यांवरून गेली. मग तिने विचारलं, "गिरकी केवढी आहे नाटकात?"

"पाच वर्षांची," मी म्हणाले.

"मग बरोबर आहे. तेव्हा एवढंच होतं. आईने फोटो काढून ठेवलाय. नंतर चेहरा वाढला. डाग मागे पडला. त्यांनी ते पाहिलंच नाही. नुसतं येऊन बघायला हवं होतं."

माझ्याने गप्प बसवेना. "ताई, तुम्ही येणार ते मी त्यांना सांगितलं नाही."

"मीच नको म्हणाले होते."

"हो."

"त्यांनी विचारलं होतं?"

नाही म्हणता आलं असतं. "हो," मी म्हणाले. "गुरुवारी."

"मग?"

"मी बघू या म्हणाले."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वर्गात एखादं गणित अगदी शेवटच्या पायरीवर चुकलेलं दिसावं, तसं. मग तिने डोकं काठीवर नीट बसवलं, वेणी सरळ केली आणि निघून गेली.

ती प्रयोगाला येईल असं आम्हाला कुणालाच वाटत नव्हतं. शनिवारी दुपारी प्रयोग होता. शंभरेक मुलं, खुर्च्यांचे आवाज, कुणाची तरी शिट्टी. दिवे मंद होताना ती आली. तिसऱ्या रांगेत बसली.

गिरकी उजवीकडून आली. नेहमीसारखी डावीकडे तोंड करून. बटण हरवलं, जिन्याशी भांडण झालं. मुलं खिदळली. मग रंगमंचाच्या मधोमध ती थांबली आणि लंबूने तिला फिरवलं. हळू. एकदा, पूर्ण.

हसू थांबलं.

"तिला भाजलंय," एक बारका आवाज आला.

"दुखत असेल," दुसरा म्हणाला.

पडद्यामागे बाईंनी माझ्याकडे पाहिलं. संहितेत इथे काही नव्हतं. मी काहीच लिहून ठेवलं नव्हतं.

"आता नाही दुखत." आवाज तिसऱ्या रांगेतून आला. रोज चाळीस मुलांना गप्प करणारा, स्वच्छ. मुलांनी मागे वळून पाहिलं. ताई हलली नाही. तिने सगळ्यांना बघू दिलं.

"बरं," पहिला आवाज म्हणाला. आणि गिरकी बटण शोधायला उजवीकडे निघाली.

नंतर मी तिला पोचवायला बस थांब्यापर्यंत गेले. बस आली तेव्हा मीही चढले. कशाला, कोण जाणे. ती बाकाच्या मधोमध बसली. मी तिच्या डावीकडे बसायला गेले. पाय आपोआप तिकडे वळले.

तिने उजवीकडची जागा थोपटली. "इकडे बस."

मी बसले. मान वळवून तिच्याकडे बघायला मला दोन थांबे लागले.