पळसावरचे एकोणीस कावळे

आता काय सांगू बापा तुमाले, माहा हात चांगला होता, पण तोंड त्याहून जास्त चाले! अन् तोंडाची गंमत अशी, जिथं विचारायचं तिथंच नेमकं बंद. त्याच्यापायीच हा घोळ झाला.

कापसाले सोन्याचा भाव आला होता, तवाची गोष्ट. मी अमरावतीत गणपती रंगवणारा चितारी. मुंबईहून एक तसबीरवाला फोटूची पेटी घेऊन आला. त्याच्या कागदावर झाड, वावर, आभाळ, सारंच तपकिरी निघे. मंग लोक ते कागद घेऊन माह्याकडे येत. मी आभाळ निळं करायचो, सावली गडद करायचो, उन्हाले उठाव द्यायचो.

तसाच सोनाजी आला, नांदगाव खंडेश्वराकडचा कास्तकार. बायको जाऊन दोन वर्सं झालेली, अन् आता एकुलती पोरगी गंगू लग्न होऊन एलिचपुराले जानार होती.

"भाऊ, हे आमच्या वावरातलं झाड. गंगूची माय याच्याच खाली भाकर खाये. पोरीसंगं द्यायचं हाय. जसं हाय तसंच रंगवा."

"बिनघोर जा!" मी म्हनलो. कोनतं झाड, हे विचारलं का? छे! एवढा मोठा चितारी, तो काहून विचारीन?

घरी पाहतो तर झाडाले पान नाही, अन् फांदीफांदीवर काळे काळे ठिपके. कावळेच ते, दुसरं काय! आठ दिवस बसलो. एकेकाले डोळा दिला, वाकडी चोच दिली, पंखावर निळी झाक मारली. मोजले, एकोणीस! माह्यावर मीच खूश.

लग्नाच्या आदल्या दिवशी सोनाजी आला. तसबीर पाहिली अन् त्यानं कावळ्यांवर बोट ठेवलं.

"हे काय करून ठेवलं? पोरीच्या रुखवतात कावळे?"

"तसबिरीतच हायेत ना!"

"अरे, पळस हाय तो! फागुनातला! केशरी फुलं हायेत ते!"

"फुलं अन् काळी?"

सोनाजीले घेऊन पळतच तसबीरवाल्याकडे गेलो. तो पोट धरून हसला. "अहो, केशरी रंग आमच्या काचेवर काळाच उमटतो. विचारायचं नाही का?"

सोनाजी हसला नाही. "होळीले तिची माय त्याच फुलाचा रंग करे," तो म्हनला. "पोरीले मायचं म्हनून एवढंच देत होतो, भाऊ."

रंग आनून तिथंच बसलो. आधी सफेदा, त्यावर शेंदूर, एकेक कावळा बुजवत गेलो. अन् नवल पाहा, वाकड्या चोचीवर शेंदूर चढला का थेट पळसाचं फूल! दिवस बुडायच्या आत तसबीर सोनाजीच्या हाती दिली.

वर्सभरानं एलिचपुराले गेलो. गंगूनं मोठ्या मायेनं तसबीर दाखवली. केशरी झाड नुसतं पेटलेलं, अन् पार शेंड्यावर एक कावळा! घाईत राहून गेलेला.

"बाई, तो म्या मुद्दाम ठेवला," मी सावरून घेतलं. "मायच्या तिथीले घास ठेवाले."

"घास तर मी ठेवतेच, काका." तिचे डोळे भरून आले. मले वाटलं, चला, निभावलं!

मंग पदरानं डोळे पुसत ती हसली. "पण बाबानं सारं सांगतलं हाय मले. सासूबाई विचारतात, हे रंगवणारा चितारी कसा दिसते? मी बोट दाखवते, हा काय, शेंड्यावर बसला हाय! कोनाले काही विचारत नाही, नुसता कावकाव करून राहिला!"